उघड्या मैदानातला आडोसा

१ जुलै १९१६, फ्रान्समधलं सोमचं रणांगण. सात दिवस तोफा डागून झाल्यावर ब्रिटिश सैनिक उघड्या मैदानात रांगा धरून निघाले, बऱ्याच ठिकाणी चक्क चालत! जर्मन मशीनगन शाबूत होत्या. एका दिवसात मृत, जखमी, बेपत्ता मिळून ५७,४७०. त्यातले १९,२४० मृत.

आता बघा, घोळ कुठे झाला? तोफांचा मारा ठरल्या वेळी पुढे सरकायचा, मग शिपाई उघड्यावर एकटा.

फेब्रुवारी १९१७ च्या नव्या सूचनांनी प्लॅटूनच्याच चार तुकड्या केल्या: लुईस गन, रायफल-ग्रेनेड, रायफल आणि हातबॉम्ब. पहिल्या दोघींनी शत्रूला डोकं वर काढू द्यायचं नाही, तेवढ्यात उरलेल्यांनी बगलेवरून घुसायचं.

थोडक्यात काय, आडोसा नसेल तर सोबत्याचा गोळीबार हाच आडोसा. वाईट याचंच वाटतं, की एकाने गोळीबार करायचा, दुसऱ्याने पुढे सरकायचं, हे १९१४ पूर्वीही शिकवलं जायचं.