कच्ची आकृती

परवा नातवाशेजारी बसून कोकणातलं आमचं घर पुन्हा बांधलं. म्हणजे कॉम्प्युटरवर. नातेवाईक मंडळींना ठाऊकच आहे, २०१९ साली ते घर उतरवलं. उतरवण्याआधी पुतण्याने आणि मी टेप धरून सगळ्या खोल्यांची मापं वहीत घेतली होती. नातू आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "आजोबा, तुम्ही मापं वाचा, मी काढतो," म्हणाला.

माजघरापाशी गाडी अडली. पुढची भिंत १४ फूट ३ इंच, उजवीकडची ११ फूट २ इंच, मागची १३ फूट १० इंच. त्याने भराभर रेघा मारल्या. शेवटची रेघ पहिल्या कोपऱ्यात नेली, तिथे हिरवा ठिपका उमटला, चौकोन मिटला आणि रंगाने भरला. "झालं माजघर!" मी वहीत पाहिलं. डावीकडची भिंत ११ फूट. पडद्यावर मात्र ११ फूट २ इंच, आणि आकड्यापुढे लाटेसारखं एक चिन्ह. ते चिन्ह म्हणजे 'अंदाजे' असं तो म्हणाला. अंदाजे? मग या यंत्राचा उपयोग काय?

त्या प्रश्नाच्या मागे लागलो आणि दोन दिवस वाचनात गेले. मी इतिहास-मराठीचा मास्तर, पण गणिताचे सर रजेवर गेले की भूमितीचा तास माझ्या गळ्यात पडायचा. त्या उसन्या भूमितीचा या वेळी उपयोग झाला.

कागदावरच्या नकाशात एक सोय होती. रेघ पेन्सिलीच्या जाडीइतकी इकडेतिकडे झाली तरी बिघडत नसे, कारण गवंड्याने नकाशावर पट्टी ठेवून माप काढायचं नसे. शेजारी लिहिलेला आकडा खरा धरायचा. कॉम्प्युटरवर ही सोय गेली. तिथे रेघ हेच माप. डोळ्यांना जुळलेली दिसणारी दोन टोकं केसभर लांब असली तर यंत्राच्या लेखी ती जुळलेलीच नसतात. मग चौकोन भरत नाही, आणि का भरत नाही ते दिसतही नाही.

ही अडचण सर्वांत आधी नीट ओळखली ती आयव्हन सदरलंड यांनी. १९३८ साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात जन्म, वडील सिव्हिल इंजिनियर. १९६३ साली एमआयटीत पीएच.डी.साठी त्यांनी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. मार्गदर्शक क्लॉड शॅनन. लिंकन लॅबोरेटरीतला टीएक्स-२ हा खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर, पडदा मात्र जेमतेम सात इंचांचा चौरस. उजव्या हातात प्रकाशाचं पेन, डाव्या हाताखाली बटणं. पेन पडद्यावर टेकवून सरकवलं की मागोमाग रेघ ताणली जाई. पेनला झटका दिला की रेघ तिथे संपे.

आता पडद्यावर पेन धरलेला हात कितीही सराईत असला तरी हलणारच. सदरलंड यांनी हाताकडून अचूकपणाची अपेक्षाच ठेवली नाही. पेन एखाद्या बिंदूच्या जवळपास आलं की 'तुला हाच बिंदू म्हणायचा आहे' असं यंत्राने धरून चालायचं आणि रेघ नेमकी त्या बिंदूत नेऊन सोडायची. नातवाच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका हा त्याचाच नातू म्हणायचा!

याहूनही मोठी गोष्ट पुढे आहे. चार रेघा वेड्यावाकड्या काढा आणि मग यंत्राला सांगा : या दोन समांतर, हा कोन काटकोन, ही बाजू त्या बाजूएवढी. यंत्र आकृती थोडी हलवून बघतं, चूक किती उरली ते मोजतं, पुन्हा हलवतं. असं करत करत सगळ्या अटी पाळणारी आकृती समोर उभी राहते.

हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो. अहो, ही तर आपली कच्ची आकृती! प्रमेय सोडवताना आपण काय करायचो? हाताने चौकोन काढायचा, तो कसाही चालेल, पण पक्ष आणि साध्य नीट लिहायचं. समान बाजूंवर खुणा, काटकोनात छोटा चौकोन. एखादा मुलगा आकृतीकडे बघून "सर, हा कोन काटकोनच दिसतोय" म्हणाला की मी विचारायचो, "दिसतोय, पण पक्षात दिलाय का?"

पुढचा इतिहास मला तितका रंगवता येणार नाही. १९८२ साली ऑटोकॅड आलं आणि ही विद्या साध्या कॉम्प्युटरवर, गावोगावच्या इंजिनियरांच्या टेबलावर पोचली. नातू वापरतो ते स्केचअप २००० साली कोलोरॅडोतल्या अ‍ॅट लास्ट सॉफ्टवेअर या लहानशा कंपनीने काढलं. २००६ मध्ये ते गुगलने घेतलं आणि २०१२ पासून ट्रिम्बलकडे आहे. त्यात लांबी, रुंदी, उंची या तीन दिशांना लाल, हिरवा, निळा असे रंग आहेत. रेघ त्या दिशेच्या जवळपास गेली की यंत्र तिला ओढून सरळ करतं आणि त्या दिशेचा रंग देतं. ओळंबा आणि गुण्या दोन्ही यंत्रातच बसवलेले.

आणि आमची चूक नेमकी इथेच होती. नातवाने पहिल्या तीन भिंती लाल-हिरव्या दिशांना धरून, काटकोनात मारल्या. हे दोन काटकोन वहीत कुठेच नव्हते. पक्षात नसलेली गोष्ट यंत्राने आपण होऊन सुचवली आणि आम्ही खुशाल मान्य केली. मग जी काही तफावत होती ती सगळी शेवटच्या भिंतीच्या गळ्यात पडली. ती दोन इंच लांबली आणि पाच इंच तिरकी झाली. हिरवा ठिपका दिसला, चौकोन भरला, म्हणून सगळं बरोबर!

एअरबसच्या ए-३८० विमानाची गोष्ट अशीच, फक्त आकडे मोठे. पाचशे किलोमीटरहून जास्त वायरिंग असलेलं ते विमान २००६ साली वायरींपायी रखडलं. जर्मनीत हॅम्बुर्गला कॅटिया या प्रोग्रॅमची चौथी आवृत्ती वापरत होते, फ्रान्समध्ये तुलूझला पाचवी. विमानाचे भाग तुलूझला जोडायला आले तेव्हा वायरी आखूड पडल्या. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळेपर्यंत ऑक्टोबर २००७ उजाडला. आपापल्या पडद्यावर दोन्हीकडचं सगळं जुळलेलं दिसत असणार.

असो. आमच्या माजघराचं काय? नातवाला म्हटलं, काटकोन सोड, चार बाजू जशा आहेत तशा घे. तो म्हणाला, "आजोबा, कर्ण सांगा." कर्ण वहीत नाही. चार काड्यांचा चौकोन कसाही कलतो, एक कर्ण घातला की घट्ट बसतो, हे मी फळ्यावर किती वेळा शिकवलंय! आणि त्या दिवशी पुतण्या "काका, आडवं माप घ्यायचं का?" असं विचारत असताना "चारी भिंती झाल्या ना, चल पुढे" असं म्हणणारा मीच. आता तिथे मोजायला भिंत नाही.

नातवाने एक वाट काढली आहे. माजघरात शहाबादी फरशी होती आणि मागच्या भिंतीला लागून तिचे तुकडे कापून बसवलेले होते. ते तुकडे एका टोकाकडे निमुळते होत गेलेले मला पक्के आठवतात. पूर्ण फरश्या मोजून आणि तुकड्यांची रुंदी ताडून भिंतीचा कल काढता येईल, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी फोटो हवा. गौरी-गणपतीत पंगती माजघरातच बसायच्या, तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या अल्बममध्ये पानांच्या मागे तो कोपरा आलेला असेलच. बघा शोधून. माणसं नसली तरी चालतील, जमीन दिसायला हवी.