‘रेटपेअर’ म्हणजे कोण?

‘रेटपेअर’चे भाषांतर आपण ‘करदाता’ असे करतो, तेव्हा त्यातील इतिहास निसटतो. ‘रेट’ म्हणजे स्थानिक खर्चातील, मालमत्तेच्या मूल्यानुसार ठरलेला हिस्सा. इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्यान्वये गरिबांच्या पोषणासाठी तो प्रत्येक पॅरिशमध्ये आकारला जाई. १८३५ पासून तो भरणे ही नगरपालिकेच्या मताधिकाराची अट झाली. १८६९ मध्ये रेट भरणाऱ्या स्त्रियांनाही याच नात्याने मत मिळाले. मुंबईत १८७२ च्या कायद्याने महापालिकेच्या ६४ पैकी ३२ सभासद निवडण्याचा हक्क रेटपेअरांना दिला. बहुसंख्य नगरवासी मात्र त्याबाहेरच राहिले. म्हणून त्या काळातील लेखनात हा शब्द भेटला, की त्याचा अर्थ ‘जनता’ असा करू नये, असे आम्हांस वाटते.