गिधाडं कुठं गेली? आपल्या दावणीशी जोडलेली एक गोष्ट

आज आम्ही गिधाडांविषयी बोलणार आहोत. 'ईऽ, गिधाडाचं काय ऐकायचं?' असं कुणी म्हणेल. पण रेडिओ बंद करू नका. आपल्या दावणीचा आणि गिधाडाचा हिशेब फार जुना आहे, आणि तो अजून मिटलेला नाही.

विषय निघाला तो गटाच्या बैठकीत. हप्ते गोळा करताना आमची एक ताई खाली मान घालून बसली होती. गटाच्या कर्जातून घेतलेल्या तिच्या दोन गाभण शेळ्या कुत्र्यांनी फाडल्या होत्या. गावाबाहेर ओढ्याकाठी मेलेली जनावरं टाकतात, तिथं भटक्या कुत्र्यांची टोळी माजली आहे. शाळेतली पोरं त्या वाटेनं जायला भितात. बायका चिडल्या. एकजण म्हणाली, "पुढच्या मढ्यात विष घाला, सगळी कुत्री एकदाची संपतील." दोघी-तिघींनी माना डोलावल्या.

तेव्हा गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी तिथं कुत्र्याला जागाच नव्हती. सकाळी बैल टाकला की दुपारी नुसता सांगाडा. गिधाडं उतरायची, पन्नास-पन्नास, शंभर-शंभर. आता एक दिसत नाही. गेली कुठं?"

आमच्यातल्या तरुण बायकांनी गिधाड फक्त चित्रात पाहिलेलं. आजींच्या प्रश्नाला कुणाकडंच उत्तर नव्हतं. मग आम्ही जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, वनरक्षकांना विचारलं, मिळेल ते वाचलं. कळलं ते सांगतो.

आधी जुन्या काळाचं. आपल्याकडं गाय-बैल म्हातारा होऊन किंवा आजारानं मेला की गावाबाहेर नेत. ते ओढून कोण नेत असे, तेही सांगायला हवं. हे काम काही जातींच्या माथी मारलेलं होतं. आपण जनावराचं दूध प्यालो, त्याच्याकडून शेत नांगरून घेतलं, आणि मेल्यावर त्याला हात लावणाऱ्याला मात्र शिवेबाहेर ठेवलं. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, असं लोकांना सांगितलं. पुढं गावोगाव लोकांनी मढी ओढायलाही नकार दिला आणि त्यापायी बहिष्कार सोसला. म्हणून 'जुनं सगळं सोनं' असं आम्ही म्हणणार नाही. त्या जुन्या व्यवस्थेत कुणावर अन्याय न करता, मजुरी न मागता काम करणारं एकच होतं, ते म्हणजे गिधाड.

शंभरेक गिधाडं अर्ध्या-पाऊण तासात एक गाय साफ करतात. त्यांच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथंच मरतात. ना दुर्गंधी, ना ओढ्याच्या पाण्यात घाण. आपण मात्र त्यांना नावं ठेवली. कुणी लुबाडायला लागला की 'गिधाडासारखे तुटून पडले' म्हणतो. खरं तर गिधाड जिवंत जनावराच्या वाटेला सहसा जात नाही. आणि रामायणातला जटायू आपण विसरतो. सीतामाईची हाक ऐकून रावणाच्या आडवा गेला तो एक म्हातारा पक्षीच. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला तो पडला, असं लोक मानतात आणि तिथं दर्शनाला जातात.

१९८०च्या सुमारास आपल्या देशात गिधाडांना तोटा नव्हता. एका अंदाजानं तर ती चार कोटींच्या आसपास होती. पांढऱ्या पाठीचं गिधाड हा तर जगातला सगळ्यात जास्त संख्येनं असलेला मोठा शिकारी पक्षी असावा, असं जाणकार म्हणत. आणि मग वीस वर्षांच्या आत ती संपत आली.

हे पहिल्यांदा नीट ध्यानात आलं राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश तिथं १९८०च्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. तेव्हा गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी होती. १९९६ साली ते पुन्हा मोजायला गेले, तर निम्मीही उरली नव्हती. झाडाझुडपांत मेलेली गिधाडं पडलेली. जी जिवंत होती ती मान खाली टाकून गुंगीत बसल्यासारखी बसायची आणि काही दिवसांनी फांदीवरून खाली पडायची. पुढच्या काही वर्षांत तिथली घरटी संपलीच. देशभर हेच चाललं होतं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातून जेमतेम एक उरली. लांब चोचीची आणि बारीक चोचीची शंभरातून तीन.

कुणी म्हणालं साथीचा रोग, कुणी म्हणालं शेतातली कीटकनाशकं. खरं कारण शेजारच्या पाकिस्तानात सापडलं. अमेरिकेतले एक पशुवैद्य, लिंडसे ओक्स, आणि त्यांचे सहकारी पंजाब प्रांतात मेलेली गिधाडं तपासत होते. पोट उघडलं की आतल्या अवयवांवर खडूच्या पुडीसारखा पांढरा थर दिसे. मूत्रपिंड बंद पडल्याची ती खूण होती. विष सापडेना, जंतू सापडेना. मग त्यांनी साधा विचार केला. गिधाड खातं काय? पाळीव जनावर. मग जनावराच्या अंगात काय जातं? त्यांनी पशुवैद्यांकडं आणि औषधवाल्यांकडं चौकशी केली. त्यातून एक नाव पुढं आलं, डायक्लोफिनॅक. ताप, सूज, लंगडणं यावरचं स्वस्त वेदनाशामक. २००३ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं आणि २००४च्या जानेवारीत शोध छापून आला.

मैत्रिणींनो, इथं जरा थांबू. ते औषध कुणी वाईट हेतूनं देत नव्हतं. बैल लंगडतोय, म्हैस तापानं फणफणलीय, चारा खात नाही, तर माणूस सुई देणारच. ते माया म्हणूनच होतं. पण जनावर वाचलं नाही आणि सुई दिल्यावर दोन-तीन दिवसांत मेलं, तर औषध त्याच्या मांसात राहतं. ते मांस गिधाडानं खाल्लं की त्याचं मूत्रपिंड निकामी होतं. गिधाडं एकटी जेवत नाहीत, पंगतीनं जेवतात. म्हणून एका मढ्यावर अख्खा थवा जातो. शास्त्रज्ञांनी हिशेब केला, तर शंभर मढ्यांत एकात जरी हे औषध असलं तरी गिधाडं संपायला पुरेसं होतं. आणि भारतात तपासलं तेव्हा शंभरात साधारण दहा मढ्यांत ते सापडलं.

२००६ साली सरकारनं जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. पण माणसांसाठीचं तेच औषध मोठ्या बाटलीत मिळत होतं आणि दुकानातून सर्रास गोठ्यात येत होतं. आमच्याच गटातली एक ताई सांगते की बाजारच्या एका दुकानात तिला जनावरासाठी अशीच माणसाची बाटली दिली गेली होती. बंदीची गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही फक्त ३ मिलीच्या एकवेळच्या कुपीतच विकायचं, असा नियम झाला. पुढं अशीच आणखी औषधं घातक निघाली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक, आणि २०२४च्या अखेरीस निमेसुलाइड ही जनावरांसाठी बंद झाली.

आता आजींच्या प्रश्नाला जोडून आमच्या ताईच्या शेळ्यांकडं येऊ. गिधाडं गेली, पण मढी पडतच राहिली. ती जेवणावळ कुत्र्यांना मिळाली. कुत्री वाढली, चावे वाढले, आणि चाव्याबरोबर पिसाळ रोग. पाणीही नासलं. २०२४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात म्हटलं आहे की गिधाडं गेल्यामुळं २००० ते २००५ या काळात आपल्या देशात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. मुंबईत पारशी समाजाची माणसं आपली प्रेतं दख्म्यात गिधाडांच्या स्वाधीन करायची. गिधाडं संपल्यावर त्यांना उन्हाची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. एक पक्षी गेला तर कुणाचं काय अडतं, असं कुणी विचारलं तर हे सांगा.

मग सगळं संपलं का? नाही. हरियाणात पिंजोरला २००१ पासून गिधाडांचं केंद्र आहे. तिथं त्यांची वीण करतात. काम सावकाशीचं. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाच वर्षं लागतात. आपल्या बाईलाही एवढी विश्रांती मिळत नाही! पिंजोरची काही गिधाडं २०२४ मध्ये विदर्भात पेंच आणि ताडोबाच्या जंगलात आणली आहेत. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या रानात गावकऱ्यांनी गिधाडांची घरटी राखली. नाशिककडं हरसूल भागात आणि गडचिरोलीतही गिधाडांसाठी औषधमुक्त मढी ठरलेल्या जागी टाकतात. लोक त्याला गमतीनं 'गिधाडांची खानावळ' म्हणतात.

आणि हे फक्त गिधाडाचं नाही. आपल्याच राज्यात गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत सारस क्रौंच राहतात. उभं राहिलं तर माणसाएवढं उंच पाखरू, जोडीनं फिरणारं, भातातच घरटं करणारं. फवारणीच्या विषानं आणि विजेच्या तारांनी तेही मोजकेच उरलेत. तिथले शेतकरी आता घरटं दिसलं की तेवढा तुकडा राखतात, आणि दरवर्षी पाखरं मोजायला तरुण पोरं पहाटे बांधावर जातात. सरकारचा कायदा कागदावर असतो, पण घरटं राखलं जातं ते बांधावर.

आता आमच्या गटानं काय ठरवलं ते सांगतो. पहिलं म्हणजे मढ्यात विष घालायचं नाही. ते विष कुत्र्यापुरतं राहत नाही. त्यावर उतरलेलं गिधाड, गरुड, घार, सगळी मरतात. शिवाय तो गुन्हा आहे. आधी माना डोलावणाऱ्या बायकांनीच हे लिहून घ्यायला लावलं.

दुसरं, गटाच्या कर्जातून जनावर घेणाऱ्या प्रत्येकीनं कुपीवरचं नाव वाचायचं, किंवा शाळेतल्या लेकराकडून वाचून घ्यायचं. डॉक्टरांना विचारायचं, "दादा, मेलॉक्सिकॅम आहे का?" ताप-सुजेवरचं हे औषध गिधाडांना बाधत नाही, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. दुकानातून आपल्या मनानं सुई आणायची नाही.

तिसरं, औषध दिलेलं जनावर मेलं तर ते उघड्यावर टाकायचं नाही, खोल पुरायचं. त्यासाठी जागा आणि खड्डा, आणि कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण, या मागण्या आम्ही सह्या करून ग्रामसभेत दिल्या आहेत. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला सरकारी दवाखान्यात जायचं. हळद-चुन्यावर भागवायचं नाही.

आणि शेळ्या गेलेल्या ताईचे तीन हप्ते गटानं पुढं ढकललेत. तिचा दोष नव्हता.

शेवटी एक काम तुम्हालाही. दुपारी ऊन तापलं की आभाळाकडं बघा. उंचावर पंख न हलवता फिरणारं मोठं पाखरू दिसलं तर शेपटी बघा. शेपटीला खाच असली तर ती घार. शेपटी आखूड, पंख फळीसारखे रुंद आणि मान बोडकी असेल, तर ते गिधाड असू शकतं. पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच झाडावर घरटं करतं, लांब चोचीचं कड्याच्या कपारीत. दिसलं तर दिवस आणि जागा गटाच्या वहीत लिहा आणि वनरक्षकांना कळवा. घरट्याजवळ जाऊ नका, दगड मारू देऊ नका.

आजींनी आमच्याकडून एक कबूल करून घेतलंय. गावावर गिधाड दिसलं तर त्यांना झोपेतून उठवायचं, आणि बैठक चालू असली तर ती थांबवून सगळ्यांनी अंगणात यायचं. आमच्या वहीतलं ते पान अजून कोरं आहे. तुमच्या गावात दिसलं तर आम्हालाही कळवा. येतो आम्ही. नमस्कार.