अभ्यासक्रमात नाही

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मे महिन्यात घर भरलेले असले की ब्लॉगलाही सुट्टी असते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. आता सगळे आपापल्या गावी परतले. घर शांत झाले आणि डोक्यात घोळत होते ते लिहायला बसले.

नात यंदा बारावीला गेली. सीबीएसईची शाळा, त्यामुळे तिच्या कॉम्प्युटरच्या पुस्तकात पायथन ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस. आजोळी आली ती अभ्यास बरोबर घेऊनच. मी ज्या जुन्या लॅपटॉपवर हे लिहिते त्यावर तिने अर्ध्या तासात दोन्ही बसवले. मी सवयीने विचारले, "किती पैसे पडले?"

"अगं आजी, फुकट असतं हे. आणि नुसतं फुकट नाही, आतलं सगळं बघता पण येतं."

पहिल्या वाक्याने मी सुखावले. दुसऱ्या वाक्याने मात्र एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती काही केल्या जाईना.

साधारण १९९९-२००० ची गोष्ट. आमच्या शाळेत एका खाजगी संस्थेने कराराने दहा कॉम्प्युटर बसवले. शिकवायला त्यांचाच एक तरुण मुलगा यायचा. शाळेतर्फे लक्ष ठेवायला कोणी तरी हवे, म्हणून ती खोली माझ्याकडे आली. इतिहासाच्या बाईंकडे कॉम्प्युटर का, तर माझे तास लवकर संपत! पण मला गोडी लागली. एका दिवाळीच्या सुट्टीत मी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी, चौदाशेच्या वर नावे, तिथल्या डेटाबेसच्या प्रोग्रॅममध्ये एका बोटाने टाइप केली.

त्या खोलीत नववीतल्या एका मुलाने मला विचारले, "बाई, आपण प्रोग्रॅम लिहितो तसाच हा ज्याच्यात लिहितो तो प्रोग्रॅमपण कोणी तरी लिहिलाच असेल ना? तो बघता येतो का?" मी शिकवणाऱ्या मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, "ते बंद असतं." आणि मी काय म्हणाले? "अभ्यासक्रमात नाही ते. तू तुझं पूर्ण कर."

तीन वर्षांनी करार संपला. यंत्रे राहिली, पण डेटाबेसचा प्रोग्रॅम यंत्राच्या मागे खोचलेल्या एका लहानशा चावीशिवाय सुरू होत नसे, आणि ती चावी संस्थेबरोबर गेली. माझी चौदाशे नावे आत अडकली. तेव्हा मी फार चिडले होते. आपणच लिहिलेले आपल्यालाच वाचता येऊ नये! त्या मुलाने तर तीन वर्षे आधीच नेमके तेच विचारले होते, हे मात्र तेव्हा ध्यानातही आले नाही.

असो. मी पडले इतिहासाची शिक्षिका. एखादी गोष्ट कुठून आली हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. नात गेल्यावर पंधरा दिवस हेच वाचत बसले. माझी समजूत अशी होती की मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काही भल्या माणसांचा परोपकार, अन्नछत्रासारखा. वाचल्यावर दिसले की या इतिहासात वळणावळणावर एक वर्ग आहे, फळा आहे आणि अडलेला मास्तर आहे.

सुरुवात ऑस्ट्रेलियापासून करते. युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्रॅम, अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तयार केली. बेल लॅब्ज ज्या एटी अँड टी कंपनीची, तिला १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे टेलिफोन सोडून कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरता येत नव्हते. म्हणून विद्यापीठांना युनिक्स नाममात्र शुल्कात मिळे, आणि तेही सोर्स कोडसकट. म्हणजे माणसांनी लिहिलेली मूळ संहिता.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९७६-७७ मध्ये युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याची संहिता, नऊ-दहा हजार ओळी, आपल्या विद्यार्थ्यांसाठी छापून घेतली आणि तिच्यावर भाष्य लिहिले. एका पुस्तिकेत संहिता, दुसरीत टीका. आपल्याकडे मूळ ग्रंथ आणि त्यावरची टीका असते ना, अगदी तसे. चालू, खरी, उपयोगातली ऑपरेटिंग सिस्टिम विद्यार्थी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचू शकत होते.

त्या संहितेत एका अवघड जागी लिहिणाऱ्यांनी शेरा मारून ठेवला होता की हे तुम्हाला कळावे अशी अपेक्षा नाही. तो शेरा पुढे जगभर गाजला. रिची यांनी नंतर खुलासा केला की त्यात उर्मटपणा नव्हता, 'हे परीक्षेला येणार नाही' अशा अर्थाने ते लिहिले होते. हे वाचून मी एकटीच हसले, आणि मग हसू थांबले. माझे वाक्यही तेच होते. फरक एवढाच की त्यांनी शेरा मारूनसुद्धा संहिता समोर उघडी ठेवली होती.

१९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि परवान्यातले कलम बदलले. संहिता वर्गात शिकवायला मनाई झाली. लायन्स यांचे पुस्तकही परवानाधारकांपुरतेच राहिले. मग ते झेरॉक्सने पसरले. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, अक्षरे पुसट होईपर्यंत. पुस्तक उघडपणे, कायदेशीर छापले गेले ते १९९६ मध्ये. १९९८ मध्ये लायन्स गेले.

वर्गात काय झाले? बऱ्याच ठिकाणी ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय नुसता फळ्यावरचा झाला. अॅमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातले प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांना ते पटेना. त्यांनी एटी अँड टीची एकही ओळ न घेता, युनिक्ससारखीच वागणारी लहानशी मिनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः लिहिली. १९८७ मध्ये पाठ्यपुस्तक काढले आणि सुमारे बारा हजार ओळींची संहिता त्या पुस्तकातच छापली. साध्या पीसीवर ती चालत असे. आपल्याला शिकवू देत नाहीत ना, मग शिकवण्याजोगी वस्तूच आपण तयार करू, असा हा मास्तरी हट्ट!

मिनिक्स तेव्हा आजच्या अर्थाने मुक्त नव्हती. पुस्तकाच्या प्रकाशकाकडून विकत घ्यावी लागे, फेरफार करून वाटायला मोकळीक नव्हती (ती २००० मध्ये मिळाली). शिवाय लोक म्हणत, यात हे घाला, ते घाला. टॅनेनबॉम नकार देत, कारण विद्यार्थ्याला एका सत्रात वाचून झाली पाहिजे. हेल्सिंकीतल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ते पुस्तक वाचले होते, त्याच्या पीसीवर मिनिक्स होती आणि त्याला तेवढ्यावर भागत नव्हते. तो लिनस टोरवाल्ड्स. १९९१ मध्ये त्याने स्वतःची सुरू केली, ती लिनक्स. १९९२ मध्ये तिला जीपीएल परवाना दिला. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांचा. त्यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला होता, आणि मुक्त सॉफ्टवेअरची जी स्वातंत्र्ये ते सांगतात त्यात एक असे आहे की प्रोग्रॅम कसा चालतो याचा अभ्यास करता आला पाहिजे. नववीतल्या मुलाचा प्रश्न कोणी तरी परवान्यात लिहून ठेवला होता म्हणायचा!

आता डेटाबेसकडे वळते, कारण माझी चौदाशे नावे तिथे अडकली होती. १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी शोधनिबंध लिहिला, की माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवावी आणि ती कुठे ठेवली आहे याची चिंता विचारणाऱ्याला नसावी. (आमचे जनरल रजिस्टर आठवा: अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख. एक ओळ, एक विद्यार्थी.) कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी १९७३ च्या सुमारास हे प्रत्यक्षात आणायला घेतले. बरेचसे काम विद्यार्थ्यांनी केले. त्याचे नाव इंग्रेस. संहितेसकट टेपवर, जवळजवळ टेप आणि टपालाच्या खर्चात, ते इतर विद्यापीठांना मिळे. १९८६ मध्ये तिथेच पुढचा प्रकल्प सुरू झाला, पोस्टग्रेस, म्हणजे इंग्रेसच्या नंतरचा. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल शिकवले आणि १९९६ मध्ये त्याचे नाव पोस्टग्रेसक्यूएल झाले. आजही तो जगभर वापरात आहे. मायएसक्यूएल १९९५ चा, पण त्याचे मूळ विद्यापीठात नाही, धंद्यात आहे. आणि रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये लिहिलेल्या एसक्यूलाइटवर तर कोणाचीच मालकी नाही. तो त्यांनी सार्वजनिक करून टाकला आणि तुमच्या आमच्या फोनमध्ये तो आहे. त्यात अख्खा डेटाबेस म्हणजे एक साधी फाइल. चावी नाही, कुलूप नाही.

नातीची पायथनसुद्धा वर्गातूनच आली. अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेत एबीसी नावाची, शिकाऊ माणसाला सोपी जाईल अशी भाषा तयार झाली होती. ती फार पसरली नाही. तिच्यावर काम केलेले ग्विदो फान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत नवी भाषा सुरू केली आणि १९९१ मध्ये ती खुली केली. १९९९ मध्ये त्यांनी 'प्रत्येकाला प्रोग्रॅमिंग' अशी योजना मांडली. वाचता-लिहिता येणे जसे सगळ्यांचे, तसे हेही. ती योजना पुरती फळली नाही, पण पायथनबरोबर येणारी आयडल ही लिहिण्याची साधी खिडकी त्याच सुमाराची. नात तीच वापरते.

आपल्याकडेही हे काम चालू आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक मिशनच्या पैशातून तो उभा राहिला. साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, मुक्त सॉफ्टवेअरचे, आणि बरेचसे मराठीतसुद्धा. ऐकायचे, थांबवायचे, आपल्या यंत्रावर करून बघायचे. मराठी माध्यमातून बीए झालेल्या माझ्यासारखीला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

इथवर सगळे छान. पण नातीला मी विचारले होते, "तू बघितलंस का कधी आतलं?" ती प्रांजळपणे म्हणाली, "नाही गं. सत्तर मार्कांची थिअरी, तीस मार्कांचं प्रॅक्टिकल. वेळ कुठे आहे?"

तिला काय बोलणार? कॉलेजात आम्ही राजवाड्यांविषयी शिकलो. मूळ कागद पाहिल्याशिवाय इतिहास नाही, म्हणून त्या माणसाने गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढली, बावीस खंड. ते खंड आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात होते. कुलूपही नव्हते. तरी तीस वर्षांत मी त्यातले एक पत्रही वर्गात नेले नाही. धडा, स्वाध्याय, सराव प्रश्न. उघडी असलेली वस्तूसुद्धा मास्तर बंद ठेवू शकतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

म्हणून तिच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी मी हट्ट धरला, एक तरी उघडून दाखव. तिच्या प्रॅक्टिकलच्या वहीत नावांची यादी पिसण्याचा प्रोग्रॅम होता. ते काम पायथनमधला शफल हा तयार तुकडा करतो. आयडलमध्ये मोड्यूल उघडायची सोय आहे, तिथे तिने 'रँडम' लिहिले आणि खरेच मूळ संहिता समोर आली. शोधत शोधत शफलपाशी पोचलो. बघतो तर नेमके काम करणाऱ्या तीन-चार ओळी! शेवटच्या नावापासून सुरू करायचे, त्याची अदलाबदल स्वतःसकट आधीच्या कुठल्याही एकाशी करायची, मग त्याच्या आधीचे नाव घ्यायचे. तिने पत्त्यांचा कॅट आणला आणि करून दाखवले. मग म्हणाली, "अय्या, एवढंच असतं?" नंतर अर्धा तास ती तीच फाइल वाचत बसली. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

माझ्या यादीचे पूर्वी काढलेले छापील कागद शाळेच्या कपाटात होते. सध्याच्या मुख्याध्यापिका माझ्याच विद्यार्थिनी, त्यांनी झेरॉक्स दिली. रोज पन्नास नावे एसक्यूलाइटमध्ये घालते आहे. काल २००० च्या नववीच्या मुलांपाशी पोचले आणि तो प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आले. ते टाइप करून मी जरा थांबले. बाळा, बघता येतं. तेव्हा नाही म्हणाले, चुकले.

वाचकांत आमच्या शाळेची मुले बरीच आहेत. त्याच्याशी संपर्क असेल त्याने एवढा निरोप द्यावा.