सेवेकऱ्याची नोंद



दिंडीच्या शंभर वर्षांत विणेकरी कोण झाले, चोपदार कोण, कीर्तनं कोणाची गाजली, हे या पुस्तकात बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते तंबू ठोकणाऱ्यांबद्दल. पाण्याच्या टँकरवर चढणारे, पहाटे तीनला चुली पेटवणारे, ट्रकात बोजे भरणारे. ही माणसं पगारी न्हाईत, सेवेकरी आहेत. सेवा करताना यातलं कोणी पडलं, भाजलं, तर त्याचं पुढं काय झालं, हा इतिहास कोणी लिहिला नाही.

जुन्या वह्या मी चाळल्या. पीठ किती, तेल किती, बैलांना पेंड किती, सगळं पैपैनं लिहिलेलं आहे. वाटेत बैल बसला आणि दुसऱ्यासाठी वर्गणी झाली, तीही आहे. माणसाच्या दुखापतीचं पान मात्र सापडत नाही. आता माणसं पडलीच नाहीत असं थोडंच आहे? पडलेल्याला घरी पोचवायचं, घराघरांतून धान्य गोळा करायचं, त्याची पेरणी सगळ्यांनी मिळून उरकून द्यायची, अशी रीत होती. रीत चांगलीच. पण ती महिना दोन महिने पुरते. आमच्या एका तरण्या सेवेकऱ्याच्या पायावर ट्रकचा फाळका पडला. दोन वर्षं त्याला औत धरता आलं नाही. वर्गणी झाली ती दवाखान्यातच संपली, आणि त्याची बायको लोकांच्यात खुरपायला गेली.

आता गंमत बघा. आपली दिंडी सुरू झाली त्याच्या आगेमागेच, 1923 साली, इंग्रज सरकारनं कामगार नुकसानभरपाईचा कायदा केला. 1 जुलै 1924 पासून तो लागू झाला. कारखाना, रेल्वे, खाण असल्या कामावर माणूस मेला तर वारसाला 30 महिन्यांचा पगार, पण 2500 रुपयांच्या वर नाही, असा तेव्हाचा हिशेब. म्हंजे भरपाई मोजायची ती पगारावर. मग ज्याला पगारच नाही त्याचं काय मोजणार? पुढं कायद्यात पुष्कळ बदल झाले, 2010 पासून नावही बदललं, पण मेख तीच राहिली. मालक पाहिजे आणि मजुरी पाहिजे. सेवेकऱ्याचा मालक पांडुरंग, त्याला नोटीस कुठं धाडायची?

बैलगाड्या जाऊन ट्रक आले तसं आणखी एक कोडं आलं. ड्रायव्हर पगारी, त्याची जबाबदारी गाडीच्या विम्यात येते. रस्त्यानं चालणाऱ्याला धक्का लागला तर तोही विम्यात येतो. पण मालट्रकात फुकट बसलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर पडत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2002 साली ठरवलं. दमलं की बोज्यांवर चढून बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

नोव्हेंबर 2019 मध्ये नामदेवरायांची पालखी पंढरपुराहून आळंदीला जाताना दिवे घाटात जेसीबी दिंडीत घुसला. वारकरी गेले, कितीतरी जखमी झाले. त्यानंतर आमच्यात विम्याचं बोलणं निघालं. जुनी मंडळी म्हणाली, सेवेला मोल लावू नका. बोलणं खरं आहे. पण मोल घेतो तो सेवेकरी, आणि विम्याचा पैसा जातो त्याच्या घरी, ज्यांनी त्याला महिनाभर वारीला सोडलं त्यांच्याकडं. या दोन गोष्टी एक नव्हेत, असं माझं मत.

2023 साली राज्य सरकारनं विठ्ठल-रुक्मिणी वारकरी विमा छत्र योजना आणली. वारीच्या 30 दिवसांत अपघाती मृत्यू झाला तर 5 लाख, कायमचं अपंगत्व आलं तर 1 लाख, अंशतः आलं तर 50 हजार, आजारपणाच्या औषधपाण्याला 35 हजारांपर्यंत. सरकारनं वारकऱ्याला पगार विचारला नाही, ही मोठी गोष्ट झाली. पण सेवेकऱ्याचं काम 30 दिवसांत मावत नाही. तंबू शिवायचे, भांडी कल्हईला न्यायची, ट्रक लावायचा, हे आधी दोन महिने चालू असतं.

त्यासाठी बँकेतला प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. 2015 ला निघाला तेव्हा वर्षाला 12 रुपये होते, 2022 पासून 20 झाले. अपघाती मृत्यूला 2 लाख. वर्ष 1 जूनला सुरू होतं, म्हणून मे अखेर खात्यात पैसे पाहिजेत. आपलं प्रस्थान त्याच्या पुढंच असतं, बरं जमतं. साप चावला तर लगेच दवाखान्यात न्यावं आणि तिथला कागद जपावा, नाहीतर दावा अडतो. चालता चालता हृदय बंद पडलं तर मात्र त्याला अपघात धरत नाहीत. आणि वयाची अट 18 ते 70.

यंदापासून दिंडीच्या वहीत नावापुढं वय, बँकेचं खातं आणि वारस असे रकाने पाडले आहेत. एका म्हाताऱ्या माउलीनं वारसात पांडुरंगाचं नाव घाला म्हणून हट्ट धरला होता. बँकेला चालत नाही म्हणून शेवटी सुनेचं घातलं. सत्तरीच्या पुढच्या सेवेकऱ्यांसाठी दिंडीनं गट अपघात विमा काढावा का, आणि हप्ता भिशीतून भरावा की अन्नदानातून, याचा विचार आषाढीच्या आधीच्या बैठकीत व्हायचा आहे.