सराफ्यातल्या चार रात्री

मागच्या डिसेंबरची गोष्ट आहे, लिहू लिहू म्हणता राहून गेली. जरा लांब झाली आहे, चहा घेऊन बसा.

लग्नासाठी ग्वाल्हेरला जायचं होतं. आमचं चिटणीस की गोठमधलं घर विकून वीस वर्षं झाली. लग्नघरी पाय ठेवायला जागा नाही. स्टेशनजवळ चांगली हॉटेलं आहेत, पण आई (वय ८१) अडून बसली, "उतरायचंच आहे ना, मग सराफ्यात उतरू. सकाळी उठून बाडा तरी दिसेल." सराफ्यात एक स्वस्तातला लॉज मिळाला, अकराशे रुपये रोज. नाव लिहीत नाही, लश्करवाले ओळखतील. फोनवर त्यांनी सगळं सांगितलं, फक्त आत तोडफोड चालू आहे एवढंच सांगितलं नाही.

दारातच वाळूचा ढीग. जिन्यात सिमेंटच्या गोण्या, लिफ्टच्या जागी नुसता खड्डा. दुसऱ्या मजल्यावरची खोली, त्यात गीझर नवा पण नळाचं कनेक्शन तोडलेलं. सकाळी एक पोरगा खालून गरम पाण्याची बादली आणून द्यायचा, "अम्माजी, बस दो दिन की बात है." चार दिवस तेच ऐकलं. नऊ वाजले की ग्राइंडर सुरू. रजईवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ, आणि आईला रात्रभर खोकला. पहिल्या रात्रीनंतर मी खाली जाऊन भरपूर भांडलो. रोजचे तीनशे कमी झाले. खोकला काही कमी झाला नाही.

तसं बघितलं तर लश्करमध्ये आपल्या माणसाने लॉजमध्ये उतरणं हीच एके काळी नामुष्की. आजही कुणी भेटलं की पहिला प्रश्न "कुठे उतरलात?" आणि उत्तर लॉज असेल तर समोरच्याचा चेहरा पडतो. गावच मुळात उतरलेल्यांचं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला लष्कराचा तळ टाकला, तो उठलाच नाही. तंबूंची घरं झाली आणि गावाचं नावच लश्कर पडलं. शिंदे की छावनी, फालका बाजार, आमची गोठ, ही नावं त्याच तळाची. नंतर दक्षिणेतून जो आला तो कुणाच्या तरी वाड्यातच उतरला. कुणी चाकरीसाठी, कुणी गाणं शिकायला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकले ते इथेच. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची बातमी ऐकून दक्षिणेच्या आशेने निघाले, तेही ग्वाल्हेर बघून गेले. त्यांचं 'माझा प्रवास' बरेच जण झाशीसाठी वाचतात. मला त्यात कोण कुठे उतरलं, काय जेवलं, हेच जास्त आवडतं.

लॉज आले ते पुष्कळ नंतर, आणि ते आपल्यासाठी नव्हते. हायकोर्टाच्या तारखेला आलेला मुरैन्याचा शेतकरी, एजी ऑफिसमध्ये पेन्शनच्या कागदासाठी खेपा घालणारा मास्तर, मेळ्याच्या दिवसांत आलेला व्यापारी, असे लोक. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली तरी ही दोन्ही ऑफिसं ग्वाल्हेरात राहिली, म्हणून गिऱ्हाईक टिकलं. सराफ्यातल्या जुन्या हवेल्यांत खाली दुकान, मधे गोदाम, वर चार-सहा खोल्या काढून भाड्याने, असं होत गेलं. आमचा लॉजही तसलाच. मधल्या चौकावर पत्रा टाकून त्याचं रिसेप्शन केलेलं.

दुसऱ्या दिवशी आई खाली जाऊन यायचं म्हणाली. तिला कडुलिंबाची जागा बघायची होती. नव्या मंडळींसाठी सांगतो. १ जून १८५८ ला राणीसाहेब, तात्या टोपे आणि रावसाहेब ग्वाल्हेरात शिरले, जयाजीराव आग्र्याला गेले. दरबारचे खजांची होते अमरचंद बांठिया. त्यांनी खजिना बंडवाल्यांच्या फौजेसाठी खुला केला. १७ जूनला राणीसाहेब पडल्या, दोनेक दिवसांत इंग्रजांनी शहर घेतलं आणि २२ जूनला बांठियांना याच सराफ्यात, कडुलिंबाच्या झाडाला फाशी दिलं. आपल्या घरांत राणीची गोष्ट शंभरदा सांगतात, ह्या जैन खजांचीची कुणी सांगत नाही. आई सांगायची, कारण तिची आजी त्या झाडाखालून जाताना चपला काढायची. आईने त्या दिवशी काढल्या नाहीत, गर्दी फार होती. नुसता हात जोडला.

आता मूळ गोष्ट. तिसऱ्या दिवशी दुपारी आई पुढच्या गोखात खुर्ची टाकून उन्हात बसली होती. दसऱ्याची सवारी बघायला लहानपणी ती समोरच्या बाजूला कुणाच्या तरी गोखात बसायची, त्यामुळे रस्त्याची ही बाजू तिला पाठ. मी खोलीत होतो. एकदम ग्राइंडर थांबला आणि आईचा आवाज आला, "अरे रुको! पत्थर कापताय तुम्ही!"

बाहेर येऊन बघतो तर परांचीवर दोन पोरं, हातात मशीन. गोखाखालचे कोरीव तोडे आहेत ना, त्यातला एक एसीचा पाइप न्यायला सपाट कापून झालेला. दुसऱ्यावर पेन्सिलची खूण. आई खुर्ची सोडून त्या खुणेवर हात ठेवून उभी. धूळ उडतेय, ती खोकतेय, पण हात काढेना.

मालक आले. मला वाटलं आता जुंपणार. पण माणूस शांत होता. म्हणाले, "माताजी, बिना एसी के कोई कमरा नहीं लेता. ग्यारह कमरों में आधे खाली रहते हैं. पत्थर से पेट नहीं भरता." त्यांचं चूक होतं असं मी म्हणू शकलो नाही, कारण एसी आहे का हे बुकिंग करताना मीही विचारलं होतं. बाड्याच्या आसपास इमारतींचे दर्शनी भाग साफ करायला सरकारी पैसा येतो. आतल्या गल्लीत ज्याची हवेली त्याने काय करायचं?

तेवढ्यात म्हातारे मिस्त्री वर आले. त्यांनी छिन्नीने तोड्याचा कोपरा खरवडला. वर ऑइल पेंट, खाली पिवळा डिस्टेंपर, त्याखाली चुना, आणि मग पांढुरका ग्वाल्हेरी दगड, त्यावर पोपटाची चोच. मालकांनाही तो पोपट माहीत नव्हता. ते लहानपणापासून त्याच हवेलीत राहिलेत! मिस्त्री म्हणाले, पाइप मागच्या डक्टमधून नेता येईल, पंधरा-वीस फूट जास्त लागेल, बस. मालकांनी हिशेब केला, तोंड वाकडं केलं, आणि हो म्हणाले. शेवटच्या दिवशी बिलात तीनशेऐवजी चारशे कमी केले होते. गीझर मात्र तसाच.

आई आता बरी आहे. खोकला दीड महिना चालला. बहिणीने मला अजून माफ केलेलं नाही आणि तिचं बरोबर आहे.

गेल्या आठवड्यात मालकांचा फोन आला. कापलेल्या तोड्याच्या जागी मिस्त्री नवा घडवून बसवणार आहेत, पण त्यावर काय कोरलं होतं ते कुणालाच आठवत नाही. शेजारी पोपट आहे म्हणून इथेही पोपटच असेल असं नाही. आई म्हणते मोर होता, पण तिलाही खात्री नाही. तर मंडळी, कुणाच्या अल्बममध्ये सराफ्यातून जाणाऱ्या सवारीचे, वरातीचे जुने फोटो असतील, तर मागच्या इमारती नीट बघा. बाड्याकडून येताना डाव्या हाताची बाजू, दुसऱ्या मजल्याचा गोख. फोटो कमेंटमध्ये टाका किंवा मला मेसेज करा. मिस्त्री होळीपर्यंत थांबायला तयार आहेत.