चुलीचे दोन हिशेब: स्वयंपाकघरातल्या इंधनबचतीचा इतिहास

आजचा विषय घरातला आहे. घरात पैसे वाचवणाऱ्या आणि निसर्गालाही बऱ्या अशा सवयींबद्दल आपण रोज ऐकतो. झाकण ठेवा, डाळ भिजवा, गॅस बारीक करा. या सूचनांनाही इतिहास आहे. तो फारसा सांगितला जात नाही, कारण तो दरबारात घडला नाही, ओट्यापाशी घडला. आज मी फक्त इंधनापुरतं बोलणार आहे, म्हणजे चूल, शेगडी, स्टोव्ह, कुकर आणि गॅस.

सुरुवातीला एक समज बाजूला ठेवू. ‘आमच्या आजीच्या काळात सगळं पर्यावरणपूरकच होतं, ते आपण सोडलं म्हणून बिघडलं,’ असं वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यात थोडं खरं आहे. पण आजीच्या काटकसरीला दोन हिशेब होते. एक पैशांचा, तो घरातला कर्ता पुरुष वहीत मांडायचा. दुसरा श्रमाचा: लाकूड कोण आणतं, किती लांबून आणतं, फुंकणीने जाळ कोण फुंकतं, धूर कोणाच्या छातीत जातो. हा दुसरा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता. माझं आजचं म्हणणं एवढंच, की ज्या सवयींनी दोन्ही हिशेबांत बचत केली त्या टिकल्या. ज्यांनी फक्त पहिल्यात केली, त्या हात मोकळा होताच बायकांनी सोडून दिल्या. आणि ते त्यांचं शहाणपण होतं.

आता चुलीकडे येऊ. आपल्याकडच्या चुलीला जोडून ‘वैल’ असायचा. मुख्य जाळावर भाकरी किंवा भात, आणि तिथून सुटलेली धग जाते त्या बाजूच्या तोंडावर आमटी किंवा दूध. एका जाळात दोन भांडी. स्वयंपाक उरकला की पेटती लाकडं मागे ओढायची, पाणी मारून विझवायची, म्हणजे त्यांचा कोळसा पुन्हा कामाला यायचा. उरलेल्या आरावर दूध तापत राहायचं. राखेने भांडी घासायची, आणि उरलेली राख परसातल्या झाडांना. भांड्याच्या बुडाला बाहेरून राख-मातीचा लेप द्यायचा, म्हणजे काजळी भांड्याला न धरता लेपाला धरते आणि घासायला सोपं जातं.

आणि एक युक्ती तर अजूनही अनेक घरांत आहे. भाजी शिजताना वर ताट झाकायचं आणि त्या ताटात पाणी ठेवायचं. आतली वाफ ताटाला लागते, थंड होते आणि थेंब होऊन परत भाजीत पडते. भाजी करपत नाही. वरचं पाणी फुकटात तापतं आणि लागलं तर तेच भाजीत घालता येतं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत याच तत्त्वावर काचेची उपकरणं चालतात. आपल्याकडे ते काम परातीने किंवा ताटलीने केलं.

इतकी हुशारी असूनही चूल मुळात उधळीच होती. साध्या उघड्या चुलीत लाकडातली साधारण दहा टक्केच उष्णता भांड्याला मिळते. बाकीची भिंतीला, हवेला आणि धुराला जाते. म्हणून लाकूड खूप लागायचं. खेड्यात ते विकत घ्यावं लागत नसे, त्यामुळे पैशांच्या हिशेबात त्याची किंमत शून्य. श्रमाच्या हिशेबात मात्र मोळीमागे अर्धा दिवस. जंगल मागे सरकत गेलं तशी वाट लांबत गेली, आणि ती वाट कोण चालत होतं हे सांगायला नको. लाकूड नसेल तिथे शेणाच्या गोवऱ्या. म्हणजे शेतात जाऊ शकणारं खत चुलीत गेलं.

शहरात गोष्ट वेगळी झाली. मुंबई-पुण्यात इंधन विकतच घ्यावं लागे, त्यामुळे शहरी घरात पैशांचा हिशेब लगेच दिसायचा. त्यातून आलेली एक वस्तू म्हणजे भुशाची शेगडी. पत्र्याच्या डब्याला खाली बाजूने भोक. डब्याच्या मधोमध एक बाटली उभी ठेवायची, खालच्या भोकातून दुसरी आडवी सारायची, आणि वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा भोवती ठासून भरायचा. मग बाटल्या अलगद ओढून काढायच्या. मध्ये हवेचा बोगदा तयार. खालून एक-दोन ढलप्या पेटवल्या की शेगडी बराच वेळ एकसारखी जळत राहते. टाकाऊ भुशावर अंघोळीचं पाणी तापायचं, डाळ शिजायची. पैशांचा हिशेब उत्तम. पण रोज भुसा भरणं, तो कोरडा ठेवणं, धूर आणि राख सांभाळणं हे काम होतंच. रॉकेल सहज मिळू लागलं तशी ही शेगडी मागे पडली.

रॉकेलची कथा जगाच्या राजकारणाला बांधलेली. 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारं तेल आणि तांदूळ दोन्ही थांबलं. 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. ‘पुरवून वापरा’ हा तेव्हा संस्कार कमी आणि नाइलाज जास्त होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तीस वर्षांनी हेच पुन्हा घडलं.

त्याआधी वर्ध्याकडे थोडं वळू. 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली कामाला लागला. खेड्यातला पैसा रॉकेलपायी बाहेर जातो, म्हणून तिथे वनस्पती तेलावर चालणारा ‘मगनदीप’ तयार झाला. पर्यावरण हा शब्द आजच्या अर्थाने रुळण्याच्या कितीतरी आधी कुमारप्पांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार मांडला, 1945 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे हैदराबादला एस. पी. राजू यांनी धुराडं असलेल्या चुलीवर काम केलं. 1983 मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि ‘निर्धूर चूल’ हा शब्द गावोगाव पोचला.

पण या चुली सगळीकडे टिकल्या नाहीत. का? धुराडं काजळीने भरायचं आणि ते साफ कोण करणार हे कोणी ठरवलं नव्हतं. चुलीची तोंडं ठरावीक मापाची, घरातली भांडी वेगळ्या मापाची. भाकरीचा तवा नीट बसला नाही तर बाई दुसऱ्याच दिवशी तोंड फोडून मोठं करणार. ते केलं की हवेचं सगळं गणित बिघडतं.

याच काळातला आणखी एक धडा सूर्यचुलीचा. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने 1950 च्या दशकात आरशाची सूर्यचूल तयार केली. इंधन शून्य! तरी ती बाजारात चालली नाही. घेताना बरेच पैसे एकदम मोजायचे, उन्हात उभं राहून शिजवायचं, आरसा सूर्याकडे फिरवत राहायचं. आणि आपला स्वयंपाक केव्हा असतो? सकाळी डबा भरायच्या आधी आणि रात्री. त्या दोन्ही वेळी सूर्य कामावर नसतो. (हशा)

आता टिकलेल्या गोष्टीकडे येऊ. 1910 मध्ये कोलकात्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी ‘इकमिक कुकर’ बनवला. एक उभा डबा, खाली कोळशाची लहान शेगडी, वर एकावर एक भांडी: भात, डाळ, भाजी. पेटवून ठेवायचं आणि आपल्या कामाला जायचं. दोन-तीन तासांनी परत आलात की जेवण तयार. थोड्याशा कोळशात सगळा स्वयंपाक, शिवाय समोर बसायला नको. इकमिकमध्ये दोन्ही हिशेब जुळले होते. मराठीतही हे नाव रुळलं.

1959 च्या सुमारास आपल्या देशात प्रेशर कुकर बनू लागले. इकमिकची रचनाच पुढे आली, डब्यांवर डबे. फक्त आता वाफ कोंडली. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं. वीस अंश वाढले तर तुरीची डाळ तासाऐवजी काही मिनिटांत शिजते. सुरुवातीला लोक बिचकले. स्फोट होईल, चव जाईल, जीवनसत्त्वं जातील. पण थोड्याच वर्षांत ‘कुकर लावणे’ हे मराठीतलं क्रियापद झालं आणि ‘तीन शिट्ट्या’ हे वेळेचं माप. याचा प्रचार कोणाला निसर्गाच्या नावाने करावा लागला नाही. इंधन वाचलं, पैसे वाचले, आणि घरातल्या बाईचा तास-दीड तास वाचला. नोकरी करणाऱ्या स्त्रियांची पिढी उभी राहिली त्यात या भांड्याचाही वाटा आहे.

मग आलं 1972-73. महाराष्ट्रात दुष्काळ, वर महागाई. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांबरोबर बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि काही महिन्यांत जगात तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. रॉकेलच्या रांगा लागल्या. त्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांनी, जगाच्या बाजाराचा ओट्याशी काय संबंध आहे, हे पुस्तक न वाचता ओळखलं. या संकटानंतर सरकारी पातळीवर इंधनबचतीचा प्रचार सुरू झाला. 1978 मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ स्थापन झाला. कमी रॉकेलवर चालणारा ‘नूतन’ वातीचा स्टोव्ह याच दशकातला. झाकण ठेवा, डाळ भिजवा, सगळं हाताशी घेऊन मगच गॅस पेटवा, या सूचना तेव्हापासून घराघरांत ऐकू यायला लागल्या. त्यातल्या बऱ्याचशा आपल्या बायकांना आधीच ठाऊक होत्या. ताटावरचं पाणी आठवा.

गॅसबद्दल थोडक्यात. मुंबईत 1955 मध्ये घरगुती गॅस आला. पण पुढची कित्येक वर्षं नंबर लावून वाट पाहावी लागे. ज्या घरात एकच सिलिंडर, तिथे तो पुरवण्याची शिस्त आपोआप आली. दुसरा सिलिंडर मिळाला, भाव परवडू लागले, तशी ती ढिली झाली. खेड्यात 2016 नंतर उज्ज्वला योजनेतून जोडण्या गेल्या, तरी अंघोळीचं पाणी अनेक घरांत चुलीवरच राहिलं. कारण सिलिंडरला रोख पैसे लागतात आणि मोळीला लागत नाहीत. पुन्हा तोच दुसरा हिशेब.

आता तुम्ही विचाराल, या इतिहासातून आज घरी काय न्यायचं? एकच आकडा देतो. एक लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साधारण सातपट उष्णता ते पाणी वाफ करून उडवायला लागते. सातपट! उकळी आल्यावर ज्योत मोठी ठेवली तरी पाणी शंभराच्या वर जात नाही, फक्त जास्त वाफ होते. समजा तुमच्या ओट्यावर दिवसाला अर्धा लिटर पाणी विनाकारण वाफ होऊन जातं. उघडं पातेलं, उकळत ठेवलेला चहा, मोठ्या ज्योतीवर धडाधड शिट्ट्या मारणारा कुकर. चांगल्या शेगडीवर यासाठी रोज सुमारे 38 ग्रॅम गॅस जातो. वर्षाचा हिशेब जवळजवळ 14 किलो. आपला सिलिंडर 14.2 किलोचा असतो. म्हणजे वर्षाला एक अख्खा सिलिंडर नुसत्या वाफेचा.

म्हणून कुकरला पूर्ण दाब आला की ज्योत बारीक करा. शिट्टी म्हणजे बाहेर पडलेली वाफ, ती मोजून डाळ जास्त शिजत नाही. डाळ, राजमा, छोले आधी भिजवा. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नका. भात-वरण-भाजी एकाच कुकरमध्ये लावा. फ्रिजमधलं दूध थोडं आधी बाहेर काढा. यातल्या कशालाही नवी वस्तू लागत नाही, आणि जास्तीचे श्रमही लागत नाहीत.

आणि ज्या सवयीत श्रम वाढतात, तिथे आधी एक प्रश्न विचारा: हे काम कोण करणार? ओला कचरा जिरवायचा, पाणी साठवून वापरायचं, कापडी पिशव्या धुवायच्या. सगळं चांगलं आहे. पण घरातल्या एकाच माणसाच्या यादीत ते जाणार असेल, तर निर्धूर चुलीच्या धुराड्याचं झालं तेच होणार. कामं वाटून घेतलीत तर या सवयीही कुकरसारख्या घरात राहतील.

आज इथेच थांबतो. तुमचे प्रश्न असतील ते घेऊ.